पर्समध्ये किती उरले?

आयपीएलच्या लिलावाच्या दिवशी माझा मेव्हणा रजा टाकतो. फायनलला टाकत नाही. त्याचं म्हणणं, सामन्यात आपल्या हातात काही नसतं. लिलावात जणू असतं!

मांडीवर वही, कानावर पेन. वहीत दहाही संघांची पर्स, म्हणजे खर्चायला उरलेले पैसे, किती जागा रिकाम्या, किती परदेशी घेता येतील, सगळं मांडलेलं. तो चेन्नईवाला. चेन्नईला आजवर एकदाही गेलेला नाही, पण बोलताना ‘आपल्याकडे अजून एवढे कोटी आहेत’ असं म्हणतो. घरच्या हप्त्याबद्दल विचारलं तर ‘ते ताईला विचार’.

२०२४ चा जेद्दाचा लिलाव रविवारी सुरू झाला, त्यामुळे एक रजा वाचली. श्रेयस अय्यर २६ कोटी ७५ लाखांना पंजाबकडे गेला तेव्हा ‘डोकं फिरलंय यांचं’ म्हणून झालं. थोड्या वेळाने ऋषभ पंत आला. लखनौची बोली २० कोटी ७५ लाखांवर थांबली आणि दिल्लीने आरटीएम काढलं, म्हणजे आमचा जुना गडी, याच भावात आम्हाला परत द्या. पण नियम बदलला होता. बोली जिंकणाऱ्याला शेवटचं एकदा भाव वाढवायची मुभा होती. लखनौने थेट २७ कोटी सांगितले, दिल्लीने नकारार्थी मान हलवली. समोर दुसरी बोली नसताना एका दमात सव्वासहा कोटी वाढले! मेव्हण्याने पेन खाली ठेवलं. माझ्या मते लिलावात खेळाडूची किंमत कळतच नाही. दुसरा किती ताणेल या धास्तीची कळते.

पंतने त्या हंगामात २६९ धावा केल्या. भागाकार आमच्याकडे लगेच झाला, एका धावेला दहा लाख. शेवटच्या सामन्यात त्याने शतक ठोकलं नसतं तर भाव आणखी चढला असता.

हा भागाकार मोठा लबाड. त्याच्या आदल्या हंगामासाठी कोलकात्याने मिचेल स्टार्कला २४ कोटी ७५ लाखांना घेतलं होतं. पहिल्या दोन सामन्यांत मिळून शंभर धावा दिल्या, विकेट शून्य. मेव्हणा खूश, कारण पैसे ‘त्यांचे’ गेले होते. मग पहिल्या क्वालिफायरमध्ये आणि फायनलमध्ये सामनावीर स्टार्कच. त्या रात्री वही बाहेर आली नाही. २०११ च्या लिलावात ख्रिस गेलला कुणी हात लावला नव्हता हेही त्या वहीत नाही. बदली खेळाडू म्हणून तो मागाहून बंगळूरकडे आला आणि त्या मोसमात सगळ्यांत जास्त धावा त्याच्याच.

हे सगळं ठीक चाललं होतं. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रेडची बातमी आली. संजू सॅमसन चेन्नईला, बदल्यात रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला. जडेजा! २०२३ च्या फायनलमध्ये दोन चेंडूंत दहा हवे असताना ज्याने षटकार आणि चौकार मारला तो. त्या रात्री मेव्हण्याने आमच्या झोपलेल्या भाच्याला उठवून नाचवलं होतं.

मी फोन केला. म्हणाला, ‘हिशेबाने बरोबर आहे. धोनीनंतर कीपर लागणारच. संजूचं वय बघ.’ आवाज शाळेतल्या पाढ्यांसारखा. मग बराच वेळ काही नाही.

‘पण चौदा कोटी?’ एकदम उसळला. ‘आपण अठरा देत होतो. चार कोटी कापले त्या राजस्थानवाल्यांनी. आपल्या जडेजाचे!’