कठड्यावरचा खळगा

सुट्टीत अवशेष बघायला जायचं ही कल्पना माझी नव्हे. मला समुद्रकाठी खुर्ची टाकून नुसतं बसायचं होतं, आणि इटलीतल्या नेपल्सला समुद्र आहे हे मी नकाशात बघून ठेवलं होतं. पण लेकीने म्युनिकहून सगळी तिकिटं काढली होती आणि पहिल्याच सकाळी आमची वरात लोकलमधून पोम्पेईला निघाली. चाळीसेक मिनिटांचा प्रवास. डाव्या हाताला व्हेसुव्हियस, ज्वालामुखी. इतका शांत आणि हिरवा, की याने इसवी सन 79 मध्ये अख्खं पोम्पेई गाव गिळलं हे कुणी सांगितलं नसतं तर मी म्हटलं असतं, वा, काय छान डोंगर आहे.

बरोबर हे होते. ह्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. त्यामुळे पोम्पेईत शिरल्यावर जग जे बघतं ते ह्यांनी बघितलंच नाही. मंदिरं, न्यायालय, चौक असं सगळं ओलांडून हे थेट एका पदपथाच्या कडेला उकिडवे बसले. तिथे शिशाची एक नळी जमिनीतून डोकं वर काढून होती. "बघ, सांधा बघ," म्हणाले. मी सांधा बघितला. लेकीने आम्हा दोघांचा फोटो काढला. युरोपच्या सहलीतला माझा पहिला फोटो एका गळक्या नळाशेजारचा आहे.

पण खरं सांगायचं तर ह्यांच्यामुळेच मला ते गाव गावासारखं दिसलं. रस्त्याच्या मधोमध उंच दगड बसवलेत, एका पदपथावरून दुसऱ्यावर जायला. मला वाटलं शोभेचे असतील. हे म्हणाले, "रस्त्यालाच गटार केलंय गं. पाणी, घाण सगळं रस्त्यावरून वाहायचं. माणसं या दगडांवरून पलीकडे जायची आणि दोन दगडांमधल्या फटीतून गाडीची चाकं." आणि खरंच, फरसबंदीवर चाकोऱ्या पडलेल्या. चांगल्या चार बोटं खोल. काळ्या लाव्हाच्या दगडात, बैलाखेचरांच्या गाड्यांनी. चाकोरीबद्ध हा शब्द मी शाळेतल्या निबंधांपासून वापरत आलेय, चाकोरी बघितली ती इथे.

गाव मोठं आहे, सुमारे 163 एकर, आणि त्यातला तिसरा हिस्सा अजून मातीखालीच आहे. खोदायला सुरुवात झाली 1748 मध्ये. म्हणजे आपल्याकडे शाहू महाराज साताऱ्याला होते तेव्हापासून हे लोक उकरताहेत आणि अजून संपलेलं नाही. सगळं बघायचं म्हटलं तर पाय राहत नाहीत. माझ्या गुडघ्यांनी दुसऱ्याच तासाला असहकार पुकारला आणि त्यामुळे मी काही ठिकाणी नुसती बसून राहिले. जे बघितलं ते त्या बसण्यातच.

एका बेकरीत बसले. जाती होती तिथे, पण आपल्यासारखी बसकी नव्हेत. डमरू उभा करावा तशी, माझ्या छातीइतकी उंच. त्याला लाकडी दांडे लावून गाढवं फिरवायची, नाहीतर गुलाम. शेजारी विटांची भट्टी, अगदी आपल्या पावाच्या भट्टीसारखी कमानदार. अशाच एका भट्टीत 1862 मध्ये 81 पाव सापडले, कोळसा झालेले. पावावर आठ भागांच्या रेघा आधीच पाडलेल्या, मोडायला सोपं जावं म्हणून. मरण, राख, ज्वालामुखी हे सगळं माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. पण भट्टीत पाव घालून बाहेर पळालेला माणूस शिरला. मीसुद्धा घराबाहेर पडल्यावर जिन्यात थांबून विचारते, गॅस बंद केला ना?

आणि घराघरांत चाललेली डागडुजी! हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. ज्वालामुखीच्या सतरा वर्षं आधी, 62 मध्ये, तिथे मोठा भूकंप झाला होता. उद्रेक झाला तेव्हाही लोक भिंती दुरुस्तच करत होते. कुठे चुन्याचा ढीग, कुठे अर्धा गिलावा. 2018 मध्ये अशाच काम चाललेल्या एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली तारीख सापडली, 17 ऑक्टोबरची. शाळेच्या पुस्तकांपासून सगळीकडे उद्रेकाची तारीख 24 ऑगस्ट दिलेली असते. कोळसा काही वर्षानुवर्षं टिकत नाही, तेव्हा ती ओळ त्याच वर्षीची असणार आणि उद्रेक ऑक्टोबरात झाला असणार, असं आता पुष्कळ अभ्यासक म्हणतात. ती ओळ कुणी लिहिली असेल? माझी खात्री आहे, गवंड्याने. आमच्या न्हाणीघराचं काम गेले चार महिने चालू आहे आणि आमच्या भिंतीवरही पेन्सिलीने आकडे आहेत. दोन हजार वर्षांनी ते कुणी वाचलं, तर इतकंच कळेल की फरशा कमी पडल्या होत्या.

खाण्याच्या टपऱ्या पावलोपावली आहेत. रस्त्याकडे तोंड करून दगडी ओटा, त्यात रांजण पुरलेले, फक्त तोंडं वर. एका टपरीच्या ओट्यावर बदकं आणि कोंबडा रंगवलाय, कालच रंगवल्यासारखा ताजा. रांजणांत बदक, डुक्कर, बकरं, मासे, गोगलगायी यांचे अंश सापडले म्हणे. हे वाचून ह्यांनी पिशवीतल्या धपाट्यांकडे मोठ्या प्रेमाने बघितलं.

माणसांच्या ठशांपाशी मी फार थांबले नाही. राखेत शरीरं कुजून पोकळ्या राहिल्या होत्या. 1863 मध्ये फिओरेल्ली नावाच्या अधिकाऱ्याने त्यांत प्लास्टर ओतलं आणि गुडघे पोटाशी घेतलेली माणसं जशीच्या तशी बाहेर आली. काचेपुढे गर्दी होती, फोन वर होते. मी पुढे निघाले.

दुपारी ऊन उतरलं तेव्हा आम्ही मोठ्या रस्त्याने परत येत होतो. वाटेत सार्वजनिक हौद आहे. असे चाळीसेक हौद आहेत गावात, दर चौकाचौकाला. चार शिळांची चौकोनी टाकी, मागे उभा दगड, त्यावर बाईचा चेहरा कोरलेला आणि तिच्या तोंडातून पाणी यायचं. ह्यांनी पाण्याच्या दाबाचं गणित काढलं. मी कठडा बघत होते. तोटीच्या बाजूला कठड्याचा दगड झिजून खोलगट झालाय. सगळीकडे धारदार कड आणि तिथेच मऊ खळगा. मला आधी कळेना. मग मीच वाकून बघितलं आणि डावा हात आपोआप तिथे टेकला. पाणी घ्यायला वाकणाऱ्या प्रत्येकाने हात तिथेच टेकला असणार. बायका, पोरं, गुलाम, दारू पिऊन तोंड धुणारे. दगड झिजवावा असं त्यांतल्या एकाच्याही मनात नसणार.

तो दगड उन्हाने तापला होता, पण खळगा गुळगुळीत. आमच्या माहेरच्या वाड्यातल्या आडाची शिळा तशीच होती. पोहऱ्याचा दोर घासून घासून तिच्यात खाचा पडल्या होत्या, चार. आम्ही पोरी खाचा वाटून घेत असू. तिसरी माझी. आई म्हणायची, त्या खाचेतून शेंद, दोर सरकत नाही. त्या खाचा कुणी पाडल्या असं तेव्हा विचारलं नाही. खाचा असतातच आडाला.

"काय झालं?" लेकीने विचारलं. "गुडघा," मी म्हटलं.

माझं माहेर भोकरदनच्या बाजूचं. हे सांगायचं कारण दुसऱ्या दिवशी नेपल्सच्या संग्रहालयात भेटलं. पोम्पेईत 1938 मध्ये एका घरात हस्तिदंताची छोटी मूर्ती सापडली, वीतभराहून थोडी उंच. भारतातली. तिला सगळे पोम्पेईची लक्ष्मी म्हणतात. अंगावर दागिने भरपूर, कपडा नाही, दोन्ही बाजूंना चिमुकल्या दासी. हातात कमळ नाही की काही नाही. बहुतेक यक्षी असावी, लक्ष्मी नव्हे. डोक्यावर भोक आहे, त्यामुळे आरशाची मूठ किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असेल असं म्हणतात. आणि ठेवलीय कुठे, तर पोम्पेईतल्या चावट चित्रांच्या आणि वस्तूंच्या खास दालनात. त्या दालनात हे एका मिनिटात पुढे आणि मी मागे, दोघंही छताकडे बघत.

अशाच घडणीचा हस्तिदंती तुकडा 1973 च्या उत्खननात आमच्या भोकरदनला मिळाला. फक्त खालचा भाग, बाई आणि बाजूच्या दासी. मराठवाड्यातल्याच तेर गावच्या संग्रहालयातही तिच्या नात्यातली एक हस्तिदंती बाई आहे. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, सांचीला दान देणाऱ्यांच्या लेखांत त्याचं नाव येतं. त्यामुळे ही पोम्पेईची बाई आमच्याकडचीच असं काही विद्वान मानतात. तिच्या पायाशी खरोष्ठीतलं अक्षर आहे आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, म्हणून काही मानत नाहीत. मी अर्थातच पहिल्या विद्वानांच्या बाजूची आहे. दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, हिंदुस्थान ओढून नेतो अशी तक्रार थोरला प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलीय. हाच प्लिनी व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. त्या पाच कोटींतले चार पैसे भोकरदनच्या एखाद्या कारागिराला मिळाले असतील, तर माझी हरकत नाही.

मूर्तीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायला निघाले तर लेक म्हणाली, "आई, त्यात मामी आहेत, आत्या आहेत, शाळकरी पोरं आहेत." मग एकट्या धाकट्या भावाला पाठवला. वर लिहिलं, ही आपल्या भोकरदनची, आणि आपल्या आडाच्या शिळेचा एक फोटो पाठव, खाचा दिसतील असा.

बराच वेळ उत्तर नाही. रात्री हॉटेलात ह्यांच्या वहीत नळ्यांचे व्यास लिहिणं चालू असताना फोन वाजला.

"ताई, आड बुजवून सहा वर्षं झाली. बोअर आहे आता. शिळा मागल्या दारी आहे, हिने धुणं धुवायला घेतलीय."

खाली फोटो होता. शिळा ओली, कडेला निळी साबणाची वडी, ब्रश. वडी घसरू नये म्हणून तिसऱ्या खाचेत बसवलेली.