जुन्या कॅबिनेटला नवं कलम

अडगळीतून जुन्या संगणकाचं कॅबिनेट बाहेर काढलं तेव्हा त्यात एक फ्लॉपी ड्राइव्ह, जुना एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा), मूठभर गंजके स्क्रू आणि कोळ्याचं जाळं एवढंच होतं. पण पुढच्या बाजूला टर्बोचं बटण होतं, किल्लीचं छोटं कुलूप होतं आणि दोन आकड्यांचा हिरवा डिस्प्ले होता. मी नवा संगणक जुळवायच्या बेतात होते. सगळे भाग ठरले होते, फक्त कॅबिनेट ठरत नव्हतं. हल्लीची काचेची कॅबिनेटं आणि त्यातले रंगीत दिवे पाहिले की मला आपण मत्स्यालय विकत घेतोय असं वाटतं. मग म्हटलं, याच डब्यात नवा संसार मांडू. आठवड्याभराचं काम समजून हात घातला आणि दोन महिने त्यात गेले.

कॅबिनेट जुन्या एटी जातीचं. बोर्ड आणि कॅबिनेट यांची मापं ठरवणारं एटीएक्स इंटेलने १९९५ साली आणलं, त्याच्या आधीची ही पद्धत. एटी कॅबिनेटच्या पाठीवर कीबोर्डसाठी एक गोल भोक असतं, बस्स. प्रिंटर, माउस वगैरेंची तोंडं कार्डांच्या फटींमधून वेगळ्या पट्ट्यांवर बाहेर यायची. एटीएक्सने ती सगळी एका चौकटीत आणली आणि पाठीवर त्यासाठी १५८.७५ × ४४.४५ मि.मी.ची खिडकी ठेवली. ती खिडकी माझ्या पत्र्यात नव्हती. मदरबोर्ड मात्र मी मायक्रो एटीएक्स घेतला होता, २४४ × २४४ मि.मी.चा, आणि तेवढी जागा आत सहज होती. एक गोष्ट आयती जुळून आली. नव्या एसएमपीएसचं माप जुन्यासारखंच निघालं, १५० × ८६ मि.मी.चं तोंड, आणि त्याची चारही भोकं जागच्या जागी बसली. त्या आनंदात मला वाटलं, बाकीचंही असंच बसेल.

खिडकी आपणच कापायची ठरवली. पत्र्यावर मास्किंग टेप लावली, गुण्या धरून पेन्सिलीने चौकट आखली, चारही कोपऱ्यांत भोकं पाडली आणि जिगसॉला बारीक दातांचं पातं लावून कापत गेले. पत्रा एक मि.मी.च्या आसपासचा, तरी कापताना असा थरथरतो की दात शिवशिवतात. खालून लाकडाची फळी क्लँप केल्यावर जरा ऐकायला लागला. मग कानस. एक संध्याकाळ निव्वळ कानस चालवली आणि खिडकी अशी सुरेख झाली की फोटो काढून भावाला पाठवला.

दुसऱ्या दिवशी बोर्ड ठेवून पाहिला तर यूएसबीच्या खालच्या ओळीचं तोंड अर्धं पत्र्याआड. मी उंची मोजली होती ती खालच्या ट्रेपासून. बोर्ड ट्रेवर टेकत नाही, पितळी स्टँडऑफवर उभा राहतो, आणि ते असतात पाव इंचाचे, म्हणजे ६.३५ मि.मी. तेवढ्यानेच माझी खिडकी एका बाजूला सरकली होती. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. स्टँडऑफ समोर वाटीत पडलेले होते.

कापलेला पत्रा परत जोडता येत नाही. चार दिवस कॅबिनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. मग डोक्यात आलं की खिडकी कापायचीच कशाला? एखादं भंगारातलं एटीएक्स कॅबिनेट घ्यावं आणि त्याची आख्खी पाठ, म्हणजे खिडकी, कार्डांच्या फटी आणि बोर्डाचा ट्रे हे सगळं एकत्र कापून याच्या अंगात बसवावं. आंब्याला कलम करतात तसं. यातली खरी सोय अशी की खिडकी, फटी आणि स्टँडऑफ यांची एकमेकांशी असलेली मापं कारखान्यातच जुळवून आलेली असतात. फटींमधलं अंतर २०.३२ मि.मी., ते हाताने साधायला गेलं तर सात जन्म पुरणार नाहीत. मला फक्त तो तुकडा बाहेरच्या चौकटीत सरळ बसवायचा होता आणि तिथे एक-दोन मि.मी. इकडे-तिकडे झालं तरी कोणाला कळत नाही. हे आधी सुचलं असतं तर कानशीची ती संध्याकाळ वाचली असती.

एका ओळखीच्यांकडे पुढचं दार तुटलेलं कॅबिनेट होतं, ते मिळालं. अँगल ग्राइंडरने त्याची पाठ सोडवली. इथे एक सांगते: ग्राइंडर चालवताना चष्मा आणि हातमोजे हवेतच, शिवाय ठिणग्या कुठे उडतायत ते बघा. माझ्या ठिणग्या घराच्या खिडकीच्या काचेवर उडाल्या. काचेत रुतलेले ते बारीक काळे ठिपके अजून आहेत आणि घरात त्यांचा विषयही अजून निघतो.

जुन्या कॅबिनेटची पाठ काढायला रिव्हेट फोडावे लागले. ३.२ मि.मी.चे रिव्हेट होते. त्याच मापाचं बिट डोक्यावर धरून ड्रिल चालवलं की टोपी उडते आणि उरलेला दांडा पंचने मागे ढकलायचा. निदान वाचताना तरी तसं वाटतं. प्रत्यक्षात दर चौथा रिव्हेट सैल निघाला आणि बिटाबरोबर गरागरा फिरत बसला. मागून पकडीने दांडा दाबून धरायला दुसरा माणूस लागतो. भाऊ आला, धरून बसला आणि विचारलं, "ताई, नवीन कॅबिनेट का नाही घेत तू?" त्याला मी पकड नीट धर म्हटलं.

ग्राफिक्स कार्ड आत जावं म्हणून हार्ड डिस्कचा खालचा पिंजराही काढला. पिंजरा निघाला तसा कॅबिनेटचा कणाच गेला. या जुन्या डब्यांचं झाकण एकसंध असतं, उलट्या यू आकाराचं, आणि मागून पुढे खाचांमधून सरकवत बसवायचं. आता ते अर्ध्यावर येऊन अडायला लागलं, कारण पुढची चौकट दोनेक मि.मी. खाली बसली होती. शेवटी आडवी अ‍ॅल्युमिनियमची अँगल पट्टी टाकून चौकट पुन्हा ताठ केली. पिंजरा नुसती डिस्क धरायला नव्हता हे तो गेल्यावर समजलं.

कलम बसवताना आधी चार स्क्रूंवर तात्पुरतं टांगलं, बोर्ड लावला, कार्ड लावलं, झाकण सरकवून पाहिलं, तेव्हा कुठे रिव्हेट मारले. ट्रेवर मोठ्या बोर्डासाठीचे दोन जादा स्टँडऑफ होते, ते आठवणीने काढले. बोर्डाखाली भलत्या जागी पितळ टेकलं तर शॉर्ट व्हायला तेवढं पुरतं. स्क्रूंचीही गंमत आहे. कॅबिनेटमध्ये दोन जातींचे आटे चालतात, एक इंची मापाचा जाडसर आणि एक एम३, म्हणजे तीन मि.मी.चा. एम३चा स्क्रू इंची आट्याच्या भोकात टाकला तर तो नुसता फिरत राहतो, आणि उलटं केलंत तर आटे जातात. मी दोन वेगळ्या डब्या केल्या आणि तरीही एक भोक घालवलं.

हवेचा प्रश्न वेगळाच होता. या पिढीच्या कॅबिनेटला पुढून हवा घ्यायची सवयच नाही. तळाशी चार फटी, आणि आतली गरम हवा बाहेर टाकायला एसएमपीएसचा पंखा, संपलं. पुढच्या पत्र्यात १२० मि.मी.च्या पंख्यासाठी गोल कापला. त्या पंख्याच्या स्क्रूंमधलं अंतर १०५ मि.मी. असतं. ते आधी आखायचं आणि गोल नंतर, उलट नाही. प्लॅस्टिकच्या मुखवट्याला मात्र हात लावायचा नव्हता, म्हणून तो आठ मि.मी. पुढे उचलून बसवला. हवा आता कडेच्या फटीतून आत जाते आणि समोरून काहीच दिसत नाही. एसएमपीएसचं पोट बोर्डाच्या वरच्या कडेवर दोन बोटं येत होतं, त्यामुळे प्रोसेसरवरच्या उंच कूलरचा नाद सोडून बुटका घेतला.

रंगाचं थोडक्यात सांगते. आतून प्रायमर आणि काळा स्प्रे मारला, फक्त स्टँडऑफ आणि एसएमपीएस जिथे टेकतात तिथला रंग खरवडून काढला, अर्थिंगसाठी पत्रा पत्र्याला लागायला हवा. बाहेरचं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं होतं. आग लागू नये म्हणून त्या काळी प्लॅस्टिकमध्ये ब्रोमीनची संयुगं घालत, ती आणि ऊन मिळून हा रंग आणतात असं सांगतात. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पांढरं होतं. मी एका सुट्या झाकणावर करून पाहिलं, तर त्यावर झेब्र्यासारखे पट्टे उठले. बाकीचं पिवळंच ठेवलं.

मग तो दिवस. सगळं आत, तारा लावल्या, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला. एक, दोन, तीन, चार, आणि बंद. पुन्हा दाबलं, काहीच नाही. आणखी एकदा दाबलं, चालू, आणि चार मोजेपर्यंत परत बंद.

माझा संशय सरळ लोखंडाच्या किसावर गेला. इतकं कापलं, इतकं घासलं, कुठेतरी एखादा कण राहिला असणार. सगळं बाहेर काढलं. बोर्ड उलटा करून टॉर्चच्या उजेडात पाहिला, ट्रेवरून कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवलं. आणि सापडला की! नखाच्या कोरीएवढा एक कीस, ट्रेच्या कोपऱ्यात. चोर मिळाला म्हणून खूश होऊन रात्री अकराला सगळं परत जोडलं. बटण दाबलं. एक, दोन, तीन, चार, बंद.

दुसऱ्या दिवशी मी बोर्डावर चालू करायच्या बटणाच्या तारा लागतात त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं, कॅबिनेटच्या बटणाला हात न लावता. संगणक चालू झाला आणि चालूच राहिला. तेव्हा ट्यूब पेटली. जुन्या एटी कॅबिनेटमध्ये पुढचं बटण थेट घरातली वीज तोडायचं. एसएमपीएसमधून चार जाड तारा त्याच्यापर्यंत यायच्या. त्या तारा मी पहिल्याच दिवशी जुन्या एसएमपीएससकट काढल्या होत्या आणि बटणाला दोन बारीक तारा डाग देऊन लावल्या होत्या. पण बटण तेच होतं, दाबलं की आत बसणारं, पुन्हा दाबलं की सुटणारं. एटीएक्सला नुसती टिचकी लागते. बटण दाबून धरून ठेवलं की चार सेकंदांनी संगणक सक्तीने बंद होतो, आणि माझं बटण स्वतःलाच दाबून धरत होतं. बोर्ड बिचारा सांगितलेलं काम चोख करत होता.

बटण बदलायचं नव्हतं, कारण त्याची टोपी त्याच दांड्यावर बसते. स्विच काढून टेबलावर घेतला. त्याच्या अंगाला एक बारीक तार असते, दोन्ही टोकं काटकोनात वाकवलेली. तिचं एक टोक दांड्यावरच्या बदामाच्या आकाराच्या खाचेत फिरतं. दांडा आत गेला की टोक बदामाच्या खाचणीत अडकतं, दुसऱ्यांदा दाबलं की पुढे निघून सुटतं. चिमट्याने ती तार ओढून काढली. आता बटण दाबलं की आत जातं आणि स्प्रिंगने लगेच परत येतं, दारावरच्या घंटीसारखं. दोन संध्याकाळी मी ज्याच्या मागे होते ते काम दोन मिनिटांचं होतं. ती तार मी चिकटपट्टीने झाकणाच्या आत लावून ठेवली आहे.

शेवटी राहिला टर्बो. नावावर जाऊ नका, ते बटण वेग वाढवत नसे. उलट ते सुटं असलं की संगणक मुद्दाम हळू चाले, कारण कित्येक जुने खेळ प्रोसेसरच्या वेगावरच आपलं घड्याळ चालवत आणि नव्या यंत्रावर सुसाट सुटत. आणि डिस्प्लेवरचा आकडा? तो काहीही मोजत नाही. मागे जंपरच्या, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्यांच्या, ओळी असतात, आकड्याच्या प्रत्येक काडीसाठी वेगळा. ती कायम पेटवायची, टर्बो असताना पेटवायची, नसताना पेटवायची की मुळीच नाही, हे जुळवणारा ठरवतो. आपल्याला ज्या आकड्याचा अभिमान वाटायचा तो कोणीतरी चिमट्याने बसवलेला असायचा.

मी डिस्प्लेला एसएमपीएसच्या जुन्या चार पिनी जोडातल्या लाल आणि काळ्या तारेवरून पाच व्होल्ट दिले. मग आकड्यांऐवजी इंग्रजीत ‘हाय’ आणि ‘लो’ उमटवायला बसले. एच आणि एलमध्ये डावीकडच्या दोन उभ्या काड्या सारख्याच, त्या कायम पेटत्या. तळाची आडवी फक्त ‘लो’ला, मधली आडवी आणि उजव्या उभ्या फक्त ‘हाय’ला. शेजारच्या घरात आय आणि ओ, तिथे उजव्या उभ्या कायम. टर्बोच्या स्विचमध्ये दोन वेगळे संपर्क होते. एक डिस्प्लेला गेला, दुसरा पुढच्या पंख्याच्या तारेत घातलेल्या रेझिस्टरला. बटण सुटं असताना पंखा रेझिस्टरमधून हळू चालतो, दाबलं की थेट.

भावाने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खाली वाकून विचारलं, "हे तापमान सांगतं का गं?" मी त्याला बटण दाब म्हटलं. टक्क आवाज झाला, ‘लो’चं ‘हाय’ झालं आणि मुखवट्याच्या कडेच्या फटीतून हवा ओढल्याचा आवाज यायला लागला. त्याने ते आणखी सहा वेळा दाबलं.