बाळाचं वजन किती आलं?

सोनोग्राफी करून आलं की आपल्याकडे पहिला प्रश्न हाच असतो. साताऱ्याहून आईही फोनवर हेच विचारायची, आणि कितीतरी दिवस माझ्याकडे सांगायला आकडाच नव्हता. इंग्लंडमध्ये सगळं सुरळीत असेल तर सरकारी आरोग्यसेवेत सोनोग्राफी दोनदाच होते: बाराव्या आठवड्याच्या आसपास आणि विसाव्या. पुढे मिडवाईफ, म्हणजे इथली प्रशिक्षित सुईण, टेप घेऊन ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत माप घेते. जितके आठवडे, साधारण तितके सेंटीमीटर. ते तक्त्यावर मांडलं की झालं. आईला हे पटेचना. "अगं, एवढ्या मोठ्या देशात मशिनी नाहीत होय?"

मला मात्र पुढेही स्कॅन करावे लागले, कारण शुगर निघाली. आपण दक्षिण आशियातले, म्हणून चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात इथे आपली शुगरची तपासणी आवर्जून करतात. उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी, दोन तासांनी पुन्हा रक्त. त्यात शुगर आली की अठ्ठाविसाव्या, बत्तिसाव्या आणि छत्तिसाव्या आठवड्याला बाळाची वाढ बघतात.

तेव्हा पडद्यावर नीट बघायला मिळालं. मशीन वजन करतच नाही, फक्त मापं घेतं. डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी. मांडीचं हाड पांढऱ्या रेघेसारखं स्वच्छ दिसतं, त्याची दोन टोकं धरली की काम झालं. खरा वेळ पोटाला लागला. बाळाच्या जठराचा काळा ठिपका आणि नाळेच्या शिरेचं वळण एकाच छेदात दिसायला हवं. मूत्रपिंड दिसलं तर छेद चुकला. बाळ सारखं वळत होतं. सोनोग्राफर बाई न कंटाळता थांबायच्या, पुन्हा प्रोब फिरवायच्या, आणि छेद बरोबर मिळाला की भोवती ठिपक्यांचा लंबगोल ओढायच्या.

ही मापं एका सूत्रात घातली की ग्रॅम बाहेर पडतात. अमेरिकेतल्या हॅडलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली मांडलेली सूत्रं आजही जगभर वापरतात. पण अंदाज दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं. म्हणजे रिपोर्टवर तीन किलो असेल, तर बाळ २.६ किलोचंही असू शकतं आणि ३.४ चंही. शेवटच्या महिन्यांत बाळ आठवड्याला साधारण २०० ग्रॅम वाढतं. मग आठ दिवसांत पुन्हा स्कॅन करून "वजन वाढलंच नाही" म्हणून घाबरण्यात काय अर्थ आहे? म्हणूनच दोन मापांत निदान दोन आठवडे तरी जाऊ देतात.

माझ्या डॉक्टरीणबाईंनी एकट्या आकड्यावर कधीच बोट ठेवलं नाही. त्या मला तक्त्यावरची बाळाच्या वाढीची रेषा दाखवायच्या: आधीच्या मापापासून ती सरळ चालली आहे की वर-खाली झुकते आहे. शुगर असलेल्या आईच्या बाळाचं यकृत आणि पोटावरची चरबी वाढते, त्यामुळे पोटाचा घेर डोक्याच्या मानाने पुढे जातो का, हे त्या खास बघत. असं मोठं बाळ होताना डोकं बाहेर येऊन खांदा अडकण्याची भीती असते. २०१५ साली ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने माँटगोमेरी खटल्यात नेमक्या याच धोक्याबद्दल निकाल दिला. मधुमेह असलेल्या, ठेंगण्या आईला खांदा अडकण्याची शक्यता नऊ-दहा टक्के असूनही ती सांगितली गेली नव्हती. कोर्टाने बजावलं की महत्त्वाचे धोके आणि दुसरे पर्याय आईला सांगितलेच पाहिजेत. छत्तिसाव्या आठवड्यानंतर माझ्याशी झालेलं बोलणं म्हणूनच मला मोलाचं वाटतं. नॉर्मल, कळा आणणं, सिझेरियन, तिन्हींचं बरं-वाईट त्यांनी मोकळेपणाने सांगितलं, आणि अंदाज चुकू शकतो हेही. मी कळा आणायचं ठरवलं. लेक अंदाजापेक्षा बरीच हलकी भरली आणि खणखणीत रडली.

आता वहिनीला सातवा लागलाय. तिला मी एवढंच सांगितलंय: प्रत्येक रिपोर्ट जपून ठेव, शक्यतो एकाच ठिकाणी सोनोग्राफी कर, आणि डॉक्टरांना वजनाबरोबर पोटाचा घेर आणि मागच्या वेळेपासूनची वाढही विचार. बाळाची हालचाल कमी वाटली, तर मात्र मागच्या रिपोर्टचा आकडा कितीही चांगला असो, त्याच दिवशी दवाखाना गाठ.