आत्याच्या इच्छेचा ट्रस्ट नोंदवताना

आत्या जन्मभर शिक्षिका. मृत्युपत्रात तिने आपला फ्लॅट आणि ठेवी मुलींच्या शिक्षणासाठी ठेवल्या आणि ते काम माझ्यावर सोपवलं. ट्रस्ट करायचा यावर घरात लगेच एकमत झालं. कोणत्या मुलींसाठी, यावर नाही. काकांच्या आग्रहाने मसुद्यात ओळ आली: ‘आमच्या घराण्यातील गरजू मुलींसाठी’.

वकीलबाईंनी नेमका त्याच ओळीभोवती पेन्सिलने गोल केला. ‘हा खासगी ट्रस्ट झाला. धर्मादाय नाही.’

खासगी ट्रस्टमध्ये लाभार्थी ठरलेले असतात, त्याला 1882चा भारतीय न्यास अधिनियम लागतो. धर्मादाय ट्रस्टचा लाभ जनतेला किंवा तिच्यातल्या एखाद्या वर्गाला मिळायला हवा. शेतमजुरांच्या मुली चालतील, एका आडनावाच्या नाही. आपल्याकडच्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950च्या कलम 9मध्ये गरिबी वा संकटात मदत, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य आणि लोकोपयोगी कामं हे धर्मादाय हेतू दिलेत. निव्वळ पूजाअर्चा त्यात बसत नाही. धार्मिक ट्रस्टची नोंदणी याच कायद्याखाली होते, पण हेतू वेगळा धरतात.

काका नाराज झाले. मी विचारलं, ‘काका, वर्गात शिकवताना आत्याने कधी आडनाव पाहिलं का?’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘मग निदान आपला तालुका तरी लिही.’ तालुका लिहिला. ते कायद्यात बसतं.

पुढचं काम कागदांचं. ट्रस्ट झाल्यापासून तीन महिन्यांत सहायक धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो. सोबत ट्रस्ट डीड, विश्वस्तांची संमतिपत्रं, मालमत्तेचा तपशील. मग चौकशी. ट्रस्ट खरंच आहे का, सार्वजनिक आहे का, मालमत्ता त्याचीच आहे का, हे तिथे तपासतात. फ्लॅटच्या कागदांपाशी आमचं बराच काळ अडलं, पण ती तपासणी मला पटली. उद्या आमच्यापैकी कुणी फ्लॅटवर हक्क सांगू नये म्हणूनच ती आहे. आता तो फ्लॅट विकायचा तर कलम 36प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागेल. चुलतभावाला हे जाचक वाटतं. मला यातच आत्याची इच्छा सुरक्षित दिसते.

एक गोष्ट बरेच जण गृहीत धरतात: धर्मादाय नोंदणी झाली की देणगीदाराला करसवलत मिळते. तसं नाही. त्यासाठी प्राप्तिकर खात्याची वेगळी मान्यता घ्यावी लागते, जिला सगळे 80जी म्हणतात.

नोंदणीनंतरही काम थांबत नाही. दरवर्षी हिशेब तपासून द्यायचे, विश्वस्त बदलला तर 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. काकांनी प्रकृतीमुळे नुकताच राजीनामा दिला. त्यांच्या जागी आत्याची एक माजी विद्यार्थिनी यायला तयार आहे. ती आमच्या नात्यातली नाही. तिचं संमतिपत्र कालच आलं, रिपोर्ट या आठवड्यात दाखल करतोय.