ओट्यावरचे स्केचपेन : सहावा आठवडा

सोयाबीनची सवंगणी सुरू आहे. आयाबाया वावरात, म्हणून या आठवड्यात ओट्यावर चित्रं काढायला नेहमीच्या चार पोट्ट्यांसोबत त्यांच्यातल्या एकाची धाकटी बहीणही होती. पावणेतीन वर्षांची.

मोठी बातमी तिचीच. मेणखडू दाबायला तिचा जोर पुरत नाही. पुसट रेघ उमटते अन् ती खडू टाकून देते. स्केचपेन नुसता टेकला तरी रेघ येते, म्हणून रमली. मुठीत धरून, खांद्यापासून हात फिरवत नुसतं जाळं करायची. सोमवारी पहिल्यांदा तिनं रेघ फिरवून सुरुवातीच्या टोकाला आणून भिडवली. थांबली. गोलात बोट ठेवून म्हणाली, "माय." रेघेला आत-बाहेर आलं की तिला नावही देता येतं! आता याच गोलाला थेट पाय फुटतील, मधे धड नाही. तीन-चार वर्षांची बहुतेक लेकरं माणूस असाच काढतात. वाट पाहतोय.

टोपणाचं काम मला आधी क्षुल्लक वाटायचं. पण एका हातानं धरायचं, दुसऱ्यानं ओढायचं, ही कसरत तिला दोन दिवस पुरली. लावताना 'टक' वाजलंच पाहिजे, हा ओट्याचा नियम. तरी काळा सुकलाच. मागचं बूच काढून आतल्या कांडीवर पाण्याचे चार थेंब सोडले अन् टोक खाली करून रात्रभर ठेवला. चालतो, पण शाई राखाडी झाली. (पर्मनंट मार्करवर हे करू नका, त्याची शाई पाण्याची नसते.)

एकानं निळ्यावर पिवळा घासून कपाशीची पऱ्हाटी हिरवी केली. पिवळ्याचं टोक काळवंडलं, मी ओरडलो. नंतर रद्दीवर घासघासून ते परत पिवळं झालं. ओरडणं फुकट गेलं.

सहा वर्षांच्या पोरानं बैलबंडी काढली, दोन्ही चाकं शेजारी-शेजारी. मी सांगायला गेलो, बाजूनं पाहिलं की एकच दिसते.

"काऊन जी काका? बंडीले दोन राह्यतेत नं?"

गप्प बसलो. त्यानं दोन्ही चाकांत आरे भरले, मोजून.

पुढच्या वेळी जुन्या कॅलेंडरची पानं आणतो. वहीचा कागद झिरपतो, अन् सारवलेल्या ओट्यावरचे निळे ठिपके पाहून आई जे बोलली ते इथं लिहीत नाही.