तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे माझी माणसं भेटली का?

इंग्लंडहून सुट्टीला आल्यापासून ठाण्यात जो भेटतो तो विचारतो, "तिकडे तुझी माणसं भेटली असतील ना गं?" मी "हो" म्हणते आणि विषय बदलते. आज नीट सांगते. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू; "तुझी माणसं" म्हणजे तिकडचे ज्यू. आमच्या पूर्वजांचं अलिबागजवळ नवगावला फुटलेलं गलबत, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून पडलेलं शनवार तेली हे नाव, हे तुम्हाला पाठ आहे, ते सोडून देते.

भेटली. विद्यापीठातल्या ज्यू मुलांनी आपणहून शुक्रवारच्या जेवणाला बोलावलं. किद्दुशचे, म्हणजे जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेचे, शब्द तेच, चाल वेगळी. आपल्याकडे मनुकांचं सरबत, तिथे वाइन. मला तिथे परकं वाटलं नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकलंत की तुम्ही लगेच त्यांना नावं ठेवाल.

योम किप्पूरच्या, म्हणजे आमच्या सगळ्यात मोठ्या उपासाच्या, संध्याकाळी जवळच्या सिनेगॉगला, ज्यूंच्या प्रार्थनास्थळी, गेले. दारावर पहारा होता. तो का असतो हे 2008 मध्ये नरिमन हाउस या ज्यू केंद्रावरचा हल्ला पाहिलेल्या मुंबईकरांना सांगायला नको. पहाऱ्यावरच्या मुलाने नाव विचारलं. आडनाव ऐकून पुन्हा विचारलं. मग घरचं सिनेगॉग कुठलं, हिब्रू नाव काय, आईचं काय, तिकडे ज्यू कधीपासून आहेत. मागे रांग खोळंबली. एक बाई मला मदत करायला म्हणून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "तिला शेमा म्हणू दे ना." शेमा म्हणजे आमची मुख्य प्रार्थना. मी म्हटला. आजी रोज झोपताना डोळ्यांवर हात ठेवायला लावून म्हणवून घ्यायची, तो शेमा फुटपाथवर, अनोळखी लोकांसमोर, तोंडी परीक्षेसारखा. हात आपोआप डोळ्यांवर गेला. शेवटी आवाज फुटेना. मुलाने माफी मागितली, दार उघडलं. आत गेल्यावर बराच वेळ मला प्रार्थनेचं पानच सापडत नव्हतं.

उपास सुटल्यावर आईला फोन केला. ती म्हणाली, "आजोबांच्या भावालाही हेच विचारलं होतं." ते इस्रायलला गेले होते. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, लग्नाआधी बेने इस्राएलांच्या मागच्या पिढ्या तपासायला सांगितलं होतं. आपली माणसं जेरुसलेममध्ये रस्त्यावर उतरली, तेव्हा 1964 मध्ये त्या हुकुमातून आपलं नाव निघालं.

त्या मुलाचा मला राग नाही. तो सगळ्यांच्या जिवासाठी उभा होता. पण मग इतकं का लागलं? इथून गेले तेव्हा मी छातीठोकपणे सांगायची की शेमा येतो त्याला जगात कुठेही दार उघडतं. उघडलंच की! तेव्हाच्या मला खोटं पाडता येत नाही, आणि तिचं म्हणणं आता पटतही नाही.

आणि तुम्हीही जरा ऐका. गणपतीत तिथल्या मराठी मंडळात एका काकूंनी आडनाव ऐकून "पेणकडच्या का?" म्हणत प्रेमाने ताट वाढलं. धर्म कळल्यावर म्हणाल्या, "मग मूळच्या कुठल्या?" मूळच्या पेणकडच्याच, काकू. तुमच्या "तुझी माणसं"मध्येही तेच असतं. तुम्ही स्वतःला त्यात धरतच नाही, आणि ते मला फुटपाथवरच्या प्रश्नांपेक्षा जास्त लागतं.

पुढच्या महिन्यात परत जायचंय. आई म्हणते, तिच्या केतुब्याची, म्हणजे ज्यू लग्नाच्या कराराची, प्रत बरोबर ने, कुणी विचारलं तर दाखवता येईल. मी नाही म्हणते. रोज यावरून आमचं वाजतं.