गरोदरपणातली शुगर

"आमच्या घरात कुणालाच शुगर नाही, मग हिची टेस्ट कामून करायलेत?" परभणीकडं आमच्या वहिनीच्या वेळेला सासूबाईंचा पहिला प्रश्न हाच होता, आणि खरं सांगते, बऱ्याच घरात हाच असतो. पण घरात शुगर असो नसो, वार म्हणजे प्लासेंटा जे हार्मोन्स सोडते त्यानं रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनचं काम मंदावतं, म्हणून ही शुगर आधी एकदम नॉर्मल असलेल्या बाईलाही होते.

टेस्ट तशी साधी. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात ढवळायचं, पाच-दहा मिनिटांत संपवायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं, रक्तातली साखर १४० (mg/dl) किंवा वर आली की शुगर आहे असं धरतात. उपाशीपोटी जायची गरज नाही, हे लई भारी, कारण खेड्यावरून पहिल्या एसटीनं येणारी बाई उपाशी कुठवर बसणार! ते पाणी मात्र इतकं गोडमिट्ट की वहिनी नाक दाबून प्यायल्या, अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत. पहिल्याच तपासणीला करतात, नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यात पुन्हा.

शुगर निघाली तरी सहसा लगेच इन्सुलिन नाही, आधी दोन आठवडे आहार, चालणं बघतात. ज्वारीची भाकरी चालते पण मोजून, आणि "दोन जीवांचं खा" म्हणत शिरा वाढणाऱ्यांना कोण आवरणार देव जाणे.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत टेस्ट असते, ती बहुतेकींची राहतेच. बाई माहेरी, फाईल सासरी.